लॉक काढून ठेवलेला फोन

हायवेवरच्या कोहमारा गावात ट्रकवालेसुद्धा ढाब्यावरचं जेवण टाकून रांगेत उभे होते, म्हणजे बघा! चंद्रकुमार महाराजांच्या मांडवात मेलेली माणसं बोलत होती, ओळखीच्या आवाजात. रीत एवढीच, की मेलेल्याचा मोबाइल मूठभर धानासोबत लाल फडक्यात बांधून एक दिवस दरबारात ठेवायचा. लॉक काढून. "कुलूप असलं तर आत्मा आत येणार कसा?" असं महाराज विचारायचे आणि शहाणीसुरती माणसं माना डोलवायची.

त्या गर्दीत भूपेंद्र आईमागे उभा होता. पंधरा वर्षं त्याने तंत्रज्ञानावर लिहिलं, व्हिडिओ केले, आता नागपुरात एका न्यूज पोर्टलचा संपादक होता. गावाहून, चिचगडहून, आईच्या शेजारच्या जमुनाबाईंचा फोन आला तसा तो धावत आला. निर्मलाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, शुगरची, इन्सुलिनची सुई बंद केली होती. चार महिन्यांपूर्वी अपघातात गेलेल्या त्याच्या बहिणीने, नूतनने, मांडवात तसं सांगितलं म्हणे.

स्पीकर खरखरला. "आई, मी सुखात आहे. औषधं सोड. महाराजांचं तीर्थ घे."

आवाज नूतनचाच होता.

"माय, नूतन अशी पुस्तकी कधी बोलत होती?"

"देवाघरी शुद्धच बोलत असतीन," निर्मलाबाई म्हणाल्या.

त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. नूतनचे व्हॉइस मेसेज त्याच्याकडेही होते. ते आवाजाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकले आणि एक वाक्य टाइप केलं. नूतनचा आवाज म्हणाला, "मी नूतन नाही. भूपेंद्र टाइप करतो तेच मी बोलते."

लोक वळून त्याच्याकडे बघू लागले.

"तुम्ही ठेवलेल्या फोनमधले मेसेज यानं असेच काढून घेतले," भूपेंद्र म्हणाला. "आवाजाचा नमुना मिळाला की मशीन वाट्टेल ते बोलते."

लोक आपापल्या माणसांचे फोन हिसकायला धावले. महाराज त्याच्या कानाशी पुटपुटला, "सर, आपके ही व्हिडिओ से सीखा."

'दहा मिनिटांत कोणाचाही आवाज'. भूपेंद्रचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ. त्यात सावधगिरीचं एक वाक्य टाकायचंही त्याला सुचलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी त्याने सुई पुढे केली. आईने हात मागे घेतला.

"तिलेच म्हणायले लाव, सुई घे म्हणून. मंग घेतो मी."

एका वाक्याचं काम होतं. त्याने लॅपटॉप दूर सारला. "नाही माय. नूतन गेली. मी सांगून राहिलो, घे."

"तू तं नागपूरले राहतेस. ते तं मांडवात जाईन तवा बोलत होती माझ्यासंग."

तो सुई घेऊन तिच्याजवळ खाली बसला, रात्र झाली तरी उठला नाही. शेवटी तिने सुईसाठी पोटावरचा पदर बाजूला केला आणि तोंड फिरवून ती रडली.

त्याच आठवड्यात त्याने तो व्हिडिओ काढून टाकला, त्या जागी आपली चूक सांगणारा दुसरा टाकला. त्याचा शेवट असा होता: "लोकहो, मेलेलं माणूस बोलत नाही. बोललंच, तर मागे बसून टाइप कोण करतो ते आधी शोधा. आणि आपल्या माणसाचा आवाज असला तरी त्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका. डॉक्टरला विचारा."