नाकानं चोरलेला श्वास

दादाला एखादी गोष्ट सांगितली आणि त्याने ती सांगितली तशीच केली, असं झालेलं मला आठवत नाही. स्कॅनच्या टेबलावर आडवा झाल्यावर तरी हा माणूस सुधारेल, ही माझीच भाबडी आशा.

पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, तर पित्ताशय ठणठणीत निघालं आणि उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला बोराएवढी गाठ दिसली. सीटी स्कॅन माझ्याच विभागात झाला. असली चित्रं वाचण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलंय. काचेपलीकडून मी माइकवर म्हटलं, "श्वास घे. आता रोखून धर."

"किती वेळ? मिनिटभर रोखू?" क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची घमेंड, दुसरं काय!

"मैफल नाहीये ही दादा. गप पड."

या तपासणीचा हिशेब तसा सोपा असतो. आधी एक साधा स्कॅन करायचा, मग शिरेतून औषध सोडून दुसरा. गाठीत नुसतं पाणी असेल तर ती औषधाला भीक घालत नाही. कर्करोगाची गाठ रक्तावर पोसलेली असते, ती औषध पिऊन उजळते. दादाची गाठ उजळली, पण जेमतेम. गाठ किती उजळली याचा आकडा संशयाच्या अलीकडेच राहिला. सर्जन म्हणाले, "पाण्याचीच दिसते. सहा महिन्यांनी पुन्हा बघू." वहिनीने तिथेच डोळे पुसले आणि दादाने घरी जायची घाई केली.

मला मात्र त्या गाठीची कड खटकत होती. हललेल्या फोटोसारखी पुसट आली होती. रुग्ण श्वास घेत राहिला की मूत्रपिंड वरखाली सरकतं, भोवतीची चरबी चित्रात मिसळते आणि आकडा खाली येतो. मी म्हटलं, पुन्हा करू.

दादा उखडलाच. "अजिबात हललो नाही मी. मुडद्यासारखा पडलो होतो."

"सगळं चांगलं निघालं, तर तुमच्या का पोटात दुखतंय वन्सं?" वहिनी म्हणाली. त्यानंतर तिने माझे फोन घेणंच बंद केलं.

तिचा राग आला, पण तिला नावं तरी कुठल्या तोंडाने ठेवू? सर्जनचंच खरं निघावं, असं मलाही मनापासून वाटत होतं. सहा महिन्यांनी बघू म्हटलं की माणसाला जेवण गोड लागतं. मी चित्रं पुन्हापुन्हा उघडायचे, ती कड दिसली की चरफडत बंद करायचे.

शेवटी एका रविवारी न बोलावता त्यांच्या घरी गेले. वहिनीने पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आतल्या खोलीत दादाचा सराव चालला होता. एकच सूर, लांबलचक, संपता संपेना. मी दारात उभी राहून बघत होते. गाल फुगलेले, बोटं स्थिर, आणि मधूनच नाकपुड्या किंचित हलायच्या.

सूर थांबल्यावर मी विचारलं, "मध्ये श्वास कधी घेतलास?"

"घेतला की, नाकानं. गालातली हवा सोडत राहायची आणि त्याच वेळी नाकानं नवी भरून घ्यायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, तेच तर कसब."

"आणि स्कॅनच्या वेळी?"

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. "तेव्हाही घेतला असेल गं. इतकी वर्षं झाली, नाक आपलं आपण घेतं. मला कळतही नाही."

वहिनी माझ्या मागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "उद्या घेऊन येते त्यांना," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिशाचा एप्रन चढवून मी स्वतः आत उभी राहिले. दादाने छातीत हवा भरली आणि मी त्याचं नाक चिमटीत धरलं.

"जीव घेशील माझा," तो पुटपुटला.

"तोंडही मीट." तेवढं तरी त्याने ऐकलं.

या वेळी चित्रं लख्ख आली. गाठीची कड स्वच्छ दिसत होती. गाठ उजळली होती, आणि चांगलीच उजळली होती. मी आकडा पुन्हा मोजला. तो खाली यायला तयार नव्हता.

सर्जननी चित्रं शांतपणे पाहिली. "गाठ काढून तपासली की तिचं पक्कं नाव ठरेल, पण आता थांबायचं नाही," ते म्हणाले. "लहान आहे, टोकाला आहे. गाठीपुरतंच काढू. मूत्रपिंड वाचेल."

बाहेर बाकावर दोघं बसले होते. अशा बातम्या मी रोज सांगते. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, सगळं पाठ आहे. पण "दादा, ती गाठ..." एवढंच म्हटलं आणि मला रडू फुटलं. बरोबर ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

दादा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. वहिनीला मात्र सगळं कळलं असावं. ती सरकली, मला शेजारी बसवलं आणि माझा हात घट्ट धरला.

"रडा वन्सं," ती म्हणाली. "आज तिघं मिळून रडू. तुम्ही हट्ट सोडला असतात, तर पुढे मला एकटीला रडावं लागलं असतं."