शेजाऱ्याने हाक ऐकली तेव्हा

मित्रांनो, माझ्यावरचं कंपनीचं नाव पुसलंय आणि चारपैकी एक दिवा लागत नाही. मी एक जुना राउटर आहे. नेटला कुठल्या वाटेने जायचं ते सांगायचं, एवढंच माझं काम. पंचवटीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सहा वर्षं केलं. सर कौतुकाने म्हणायचे, "हा कधी बसत नाही." मग नवीन मशीन आलं. मी कपाटात गेलो. दोन वर्षं.

तिथून मला शहजादने काढलं. व्हिडिओ बघून बघून नेटवर्क शिकलेला माणूस. त्याने मला सायखेड्याच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. तिथे एक नवा राउटर होता, फायबरच्या लाइनवर; दवाखान्याचे कॉम्प्युटर त्यालाच जोडलेले. मला गच्चीवरच्या डिशची, म्हणजे हवेतून येणाऱ्या नेटची लाइन दिली. एकाची वाट बंद पडली की दुसऱ्याच्या वाटेने जायचं, आपोआप. त्यासाठी आम्ही दोघांनी दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारायची आणि आपापल्या वाटा सांगायच्या.

शहजादने घाई केली. नव्याची सेटिंग उचलून माझ्यात टाकली, पत्ते बदलले, आयडी, म्हणजे आमची ओळख, बदलायचा राहिला. दोघांचा आयडी एकच. मी हाक मारली की नव्याला वाटायचं, हा तर मीच. तो मला शेजारी मानेचना.

काम झाल्यावर दवाखान्यातल्या कुसामावशींनी आम्हाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. उज्ज्वला सिस्टर म्हणाल्या, "शहजाद, आता फायबरची वायर काढून दाखव. खरंच बदलतं का बघू."

"आजच कुंकू लावलं न आजच वायर वढता व्हय?" मावशी म्हणाल्या. "उद्या बघा."

"मावशी बोलतात ते बरोबर आहे," शहजाद म्हणाला.

"तुला निमित्तच पाहिजे," सिस्टर म्हणाल्या.

तो 'उद्या' कधी आलाच नाही.

नऊ दिवसांनी रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली. नेमके तेव्हाच गावातले वाल्मीकभाऊ शेतातून छाती धरून आले होते. ईसीजी काढला, पण नाशिकच्या डॉक्टरांनी तो बघितल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हतं. सिस्टरनी मोबाइलवर फोटो पाठवला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "रेषा पुसट आहेत. कॉम्प्युटरवरून पाठवा."

माझी डिश चालू होती, मित्रांनो. मी हाका मारत होतो.

शहजाद जवळच्याच शाळेत कामाला आला होता. फोन गेला तसा धावत आला. लॅपटॉप लावला. आमच्या दोघांच्या सेटिंग शेजारी शेजारी उघडल्या.

"सिस्टर, चूक माझी आहे. दोघांचा आयडी एकच ठेवलाय मी."

"ते नंतर सांग. आधी टाइप कर."

त्याने माझा आयडी बदलला. मी हाक मारली. नव्याने पहिल्यांदाच उत्तर दिलं. मी त्याला माझी वाट सांगितली आणि ईसीजी त्या वाटेने गेला.

"इंजेक्शन द्या आणि ॲम्ब्युलन्समध्ये घाला," डॉक्टर म्हणाले. "आम्ही तयार आहोत."

महिन्याभराने वाल्मीकभाऊ स्वतःच्या पायांनी तपासणीला आले. मावशी माझ्याकडे बोट दाखवून त्यांना म्हणाल्या, "ह्या म्हाताऱ्यानं वाचवलं तुमाला."

"मावशी, माझ्यामुळे ह्याच म्हाताऱ्याने अडकवलं पण असतं," शहजाद म्हणाला आणि सगळ्यांसमोर त्याने फायबरची वायर काढली. सिस्टरच्या स्क्रीनवरचा रिपोर्ट क्षणभर अडखळला. मग पुढे गेला.

आता दर सोमवारी सकाळी कुणीतरी वायर काढतं आणि मी काम करतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही अडीअडचणीला म्हणून काहीतरी बाजूला ठेवलेलं असेल. त्याची धूळ पुसा, पूजाही करा. पण सगळं ठीक असेल त्या दिवशी एकदा ते वापरून बघा. आम्हा राखीव ठेवलेल्यांना रोज काम नको असतं. आम्ही चालतो की नाही, ते आजाऱ्याच्या आधी तुम्हाला कळावं, एवढंच.