गोजराबाईचा तुंबा

धावड्याच्या झाडाले कुऱ्हाडीनं टोचा मारायचा, आठ दिवसानं परत जायचं अन् सालीवर आलेला डिंक खुडून घ्यायचा. आमच्या आंध जमातीच्या बायायचा धंदा हाच. त्यात गोजराबाईचा हात धरनारं कोनी नवतं. किन्हीराजा गावात कोन्या घरची सून गरवार हाय, हे तिले सुइनीच्या आधी ठाऊक. ती डिंक घेऊन दारात उभी राहे, अन् घरची बाई डिंकाच्या बदल्यात जवारीची पायली घेऊनच बाहेर ये.

मंग बाबूलाल शेठनं जंगलाचा ठेका घेतला. झाडं त्याची, डिंक त्याचा, पोते जऊळक्याच्या टेसनावरून आगगाडीनं जात. आमी नुसत्या मजूर झालो. सांजच्या पारी जंगलाच्या नाक्यावर त्याचा जमादार प्रेमसिंग आमाले पदर झटकायले लावे. एक खडा सापडला का दुसऱ्या दिवसापासून त्या बाईले जंगल बंद. जाव कुठं? वावर कोनापाशी होतं?

त्या साली गोजराबाईची रंगू बाळंतपनाले माहेरी आली. पयल्या खेपेले पोरगं गेलं अन् ती इतकी खंगली का भिंत धरून चाले.

"या खेपेले तिले डिंकाचे लाडू घालीनच," गोजराबाई मने. "म्या खुडावं, अन् माह्याच पोरीले भेटू नये?"

तिनं मोठी अक्कल लढवली. वाळल्या भोपळ्याचा तिचा पान्याचा तुंबा होता. दुपारी नाल्यावर तो भरे अन् मूठभर डिंक त्यात सोडून दे. नाक्यावर येईलोक डिंक पार इरघळून जाय. प्रेमसिंग तुंबा हालवून पाहे, तं आत पानी डुचमळे. घरी ती ते परातीत वतून वाळवे. चार दिवस सुखात चाललं. आमी तोंडाले पदर लावून हासो.

पाचव्या दिवशी असं ऊन पडलं का जीभ टाळूले चिकटे. प्रेमसिंगचा माठ कोरडा होता.

"गोजराबाई, पानी वत."

"नाल्याचं हाय जमादार. म्हशी बसतेत त्यात."

"बसू दे. वत."

त्यानं ओंजळ धरली. नाही मनावं तरी कसं? तिनं वतलं. तो दोन घोट प्याला, थांबला, बोटं एकमेकाले लावून पाहिली. चिकटत होती.



"पोर बाळंतपनाले आली जमादार. तिच्यासाठी नेलं," गोजराबाई मने.

"माह्याबी घरी बाळंतीन हाय." त्यानं तुंबा आपल्यापाशी ओढला. "शेठले सांगत नाही मी. पन उद्यापासून रोज भरून आनजो."

घरी येऊन ती चुलीपाशी रडली. "नाही आनलं तं जंगल जाते. आनलं तं चोर मी, अन् खाईल त्याची बायको."

"जाऊ दे माय, मले नाही लागत लाडू," रंगू मने. पन त्या पोरीचे हाडकं पाहून कोनाले खरं वाटन?

दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं माह्या घरून एक तुंबा मागून नेला. दोनी भरले. नाक्यावर एक त्याच्यापुढं ठेवला, दुसरा खांद्यालेच राहू देला.

"तो कोनाचा?"

"माह्या पोरीचा. एक तुमचा, एक तिचा. न्याव करा जमादार."

प्रेमसिंगनं तिच्या खांद्यावरचा तुंबा काढला, अन् दोनी आपल्या खुटीले टांगले.

"मले जुळे झाले," तो मने.