उजवा स्पीकर

डावीकडून

दंतवैद्यांच्या मते माणसांच्या दोनच तऱ्हा. एक, मास्टरचा ‘निळा जिना’ ऐकून तिथंच थांबलेली. दुसरी, त्यापुढे गेलेली. दुसऱ्या तऱ्हेची माणसं शहरात मूठभर, आणि ती दर रविवारी दुपारी दंतवैद्यांच्या दिवाणखान्यात डोळे मिटून बसलेली असत. पहिल्या तऱ्हेची त्यांच्या दवाखान्यात, आ वासून.

मास्टर म्हणजे जॅझमधला डबलबास वाजवणारा आणि स्वतः रचना करणारा एक म्हातारा. डबलबास हे व्हायोलिनच्या घराण्यातलं थोरलं भावंड. माणसाहून उंच, जमिनीवर उभं करून वाजवायचं. बँडमध्ये त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला की बाकीच्यांच्या पायाखालची जमीन जाते. मास्टरचे दोन अल्बम गाजले. बाकीचे कुठल्याशा छोट्या कंपनीने काढले आणि त्या कंपनीसकट बुडाले. ‘तीन खुर्च्या’, ‘गोदामातली संध्याकाळ’, ‘माझ्या भावासाठी नाही’. हे सगळे बुडालेले अल्बम दंतवैद्यांकडे होते. फक्त त्यांच्याकडेच होते.

“‘निळा जिना’ छान आहे हो,” असं एखादा पेशंट म्हणायचा.

“छान आहेच,” डॉक्टर ड्रिल हातात घेत म्हणायचे. “म्हणून तर इथं लावतो. भूल दिल्यावर ऐकायला बरा असतो.”

रविवारच्या मंडळाचं नाव ‘आडवाट’. निवृत्त प्राचार्य, विमा कंपनीतले एक साहेब आणि आणखी दोघंतिघं. नियम एकच: रेकॉर्ड चालू असताना कुणी बोलायचं नाही. संपल्यावर आधी प्राचार्यांनी उसासा सोडायचा, मग इतरांनी.

उजवीकडून

(काही नाही.)

वाचकहो, ही छपाईची चूक नाही. उजवीकडून काही येत नाही, कारण दंतवैद्यांच्या घरी उजवा स्पीकर बंद आहे. तुम्हाला हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मंडळापेक्षा शहाणे राहाल. फार कठीण नाही ते.

झालं असं. त्या छोट्या कंपनीचा ध्वनिमुद्रक एक, आणि त्याची खोडही एक: पियानो आणि ड्रम डावीकडे, ट्रम्पेट मधोमध, आणि डबलबास सगळाच्या सगळा उजवीकडे. आता दिवाणखान्याच्या उजव्या भिंतीपलीकडे दंतवैद्यांच्या आईची खोली. बास वाजायला लागला की म्हातारीच्या उशाशी पेल्यातली कवळी थरथरायची. “सूनबाई, माझे दात माझ्याशिवाय काय बडबडतायत गं?” असं सासूबाईंनी विचारलं, त्याच संध्याकाळी सूनबाईंनी स्पीकरची वायर उपटली आणि पुढे रबराच्या झाडाची कुंडी ठेवली. सासूबाई यथावकाश गेल्या. झाड वाढलं. वायर तशीच राहिली.

डावीकडून

आणि दंतवैद्यांना शोध लागला.

दवाखान्यातल्या एकाच स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर, गाजलेल्या अल्बममध्ये, मास्टरचा बास ठणठणीत ऐकू येतो. घरी, न गाजलेल्या अल्बममध्ये, तो जवळजवळ नाहीच! का? साधा माणूस म्हणाला असता, मशीन बघा. दंतवैद्य म्हणाले, “त्याग!”

बासवादकाने, स्वतःच्याच रचनांतून, स्वतःलाच वजा केलं होतं. यावर त्यांनी पुस्तक लिहिलं: ‘न छेडलेली तार’. ट्रम्पेटच्या माइकमध्ये बासचा आवाज थोडासा सांडला होता, त्यावर ‘सावलीचा स्वर’ नावाचं वेगळं प्रकरण. मंडळाने वाचलं आणि री ओढली. विम्याच्या साहेबांना एकदा शंका आली होती की कंपनीने बासवाल्याला पैसे तरी कशाचे दिले. पण प्राचार्यांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं, आणि साहेब पुन्हा तल्लीन झाले.

पुस्तक छापून झालं. नगरभवनाचं सभागृह ठरलं. मग प्रकाशकाने एक घोळ घातला. त्याने मास्टरला शोधून काढलं. मास्टर जिवंत होता. मंडळाला हे जरा खटकलंच.

तरी कार्यक्रम झकास आखला गेला. दंतवैद्य बोलतील. मास्टर आपल्या डबलबासला धरून मंचावर उभे राहतील. आणि वाजवणार नाहीत.

उजवीकडून

वायर काढणाऱ्या बाईंचंही ऐका.

“मी सांगितलं होतं हो त्यांना. म्हटलं, अहो, तो उजवा… तर म्हणाले, शू. रेकॉर्ड चालू होती ना. दुसऱ्यांदा सांगायला गेले, तर म्हणाले, अगं, तुला यातलं कळत नाही. म्हटलं बरं. मग पुस्तक लिहायला बसले. माणूस घरात गप्प बसून लिहितोय, कुणाला त्रास नाही. कशाला मोडता घालायचा?”

डावीकडून

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी मास्टर घरी आला. टॅक्सीतून आधी डबलबास उतरला, मग तो. कोट जुना, पण इस्त्रीचा. बोटांची टोकं चामड्यासारखी. दिवाणखान्यात मंडळ आधीच रांगेत उभं होतं.

“तुम्हीच ना डॉक्टर?” मास्टरने दंतवैद्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. “तुम्हाला बघायलाच आलो. प्रवास झेपणार नाही म्हणून मुलगी भांडली माझ्याशी. तिला म्हटलं, अगं, ‘माझ्या भावासाठी नाही’ ऐकलेला माणूस सापडलाय! मला वाटत होतं ती रेकॉर्ड फक्त माझ्या बहिणीकडे आहे. तिच्याकडे टीपॉयचा एक पाय आखूड आहे, म्हणून.”

मंडळ अदबीने हसलं.

“जिनाबिना ठीक होता,” मास्टर खाली बसत म्हणाला. “तो बायकोच्या ऑपरेशनसाठी वाजवला. पण मला कुणी विचारलं, बाबा, आयुष्यात काय केलंस, तर ती एक जागा दाखवीन. दुसऱ्या बाजूला, सगळे थांबतात, मागे झांज तेवढी राहते, आणि मी एकटा वाजवतो. भाऊ गेला त्या वर्षीची आहे. आजवर कुणी बोललं नाही तिच्याबद्दल. तुम्ही सांगा. कशी वाटली?”

म्हातारा पुढे सरकून बसला होता. शाळेच्या निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा.

दंतवैद्यांचा चेहरा उजळला. “मास्टर, त्याच जागेवर माझं सगळ्यात मोठं प्रकरण आहे! काय ते मौन!”

“काय?”

“मौन. नुसती झांजेची कुजबुज, आणि तुम्ही… नाहीच!”

मास्टरने प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी उसासा सोडला.

“लावा बरं,” मास्टर म्हणाला.

रेकॉर्ड लागली. मंडळाने डोळे मिटले. पियानो आला, ट्रम्पेट आला, दोघं गेले. उरली झांज. मास्टरची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. एका ठिकाणी ती घसरत खाली आली आणि थांबली. खोलीत झांज तेवढी छिस्स, छिस्स करत होती.

“बाई,” मास्टर चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईंना म्हणाला.

“शू!” मंडळ म्हणालं.

“मला शू?” मास्टर म्हणाला. “बाई, हा उजवा मुका का?”

“मीच मुका केलाय,” बाई म्हणाल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, कुंडी सरकवली, आणि वाकून पदराने धूळ पुसून वायर खोचली. मास्टरने सुई उचलून पुन्हा त्या जागेच्या सुरुवातीला ठेवली.

दोन्हीकडून

आधी जमीन आली. मग तिच्यावर एक माणूस चालत आला, जड पावलांनी, दारापर्यंत. दारातून परत फिरला. पुन्हा आला. प्रत्येक वेळी एक पाऊल कमी. ट्रेमधल्या बशा वाजायला लागल्या. एका जागी तो स्वर घसरला, आणि मास्टरचं बोट गुडघ्यावरून घसरलं होतं ते इथंच, हे दंतवैद्यांना कळलं. त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. मिटायचं विसरले होते.

रेकॉर्ड संपली. या वेळी उसासा कुणी सोडला नाही.

“जरा… भडक नाही वाटत?” प्राचार्य म्हणाले.

“मूळ अनुभवात बाधा येते,” विम्याचे साहेब म्हणाले. “आपण ज्या रूपात इतकी वर्षं ऐकलं—”

“तुम्ही ऐकलंच नाहीत,” मास्टर म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. टोपी शोधायला लागला. टोपी त्याच्या हातातच होती. “चुकलं माझं. पोरगी म्हणत होती तेच खरं.”

दंतवैद्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडली होती, स्वतःचं उघडेना.

“पुस्तक मागे घेतो,” ते शेवटी म्हणाले.

“छापलंय ना? मग विका. कागद काय, कुणाच्या तरी टीपॉयला होईल.” मास्टर उठला. “पण उद्या मी नुसता उभा राहणार नाही. मी खांब नाही.”

मंडळी गेल्यावर दंतवैद्य बायकोला म्हणाले, “तू तिसऱ्यांदा का नाही सांगितलंस?”

“तुम्ही पहिल्यांदा का नाही ऐकलंत?”

सभागृह, मधोमध

गर्दी बरी होती, निम्मी पेशंटांची. पुढच्या वेळी दात दुखू नये म्हणून आलेली. मास्टर मंचावर डबलबासला धरून उभा होता. दंतवैद्यांनी भाषणाचे कागद काढले, बघितले, पुन्हा खिशात घातले.

“मंडळी,” ते म्हणाले, “हे पुस्तक चुकीचं आहे. माझ्या घरचा उजवा स्पीकर बंद होता. या माणसाने जीव ओतून वाजवलं, आणि मी ते ऐकलं नाही. ऐकलं नाही ते नाहीच, असं मी पुस्तकभर लिहिलं.”

मग प्राचार्य उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. पाठोपाठ सगळं सभागृह.

“अहो, मी खरंच सांगतोय! वायर निघाली होती!”

टाळ्या वाढल्या.

“वायर निघाली होती,” पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली. “आपल्या सगळ्यांचीच निघालेली असते गं.” तिचे डोळे भरून आले होते.

“विनय बघा माणसाचा,” विम्याचे साहेब प्रकाशकाला म्हणाले. प्रकाशकाने मान हलवली. दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर काय छापायचं ते त्याला मिळालं होतं. प्राचार्यांनी माइक घेतला आणि बंद स्पीकर या रूपकाचा अर्थ सभागृहाला समजावून सांगितला. दंतवैद्यांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा लोक म्हणाले, “शू!”

मग मास्टरने तीच जागा वाजवायला सुरुवात केली.

जाहीर झालं होतं की वाजवणार नाहीत, त्यामुळे लोकांचा थोडा गोंधळ झाला. कुणाला वाटलं सूर लावून बघतायत. कुणी म्हणालं, कार्यक्रम संपला वाटतं. बाहेर चहा मांडला होता आणि पुस्तकांवर सवलत होती. खुर्च्या सरकल्या. प्राचार्य दाराशी कुणाला तरी सांगत होते, “खरं सांगू का? स्वतःचं काम त्याला स्वतःला कळलेलं नाही.”

दंतवैद्य मंचाच्या कडेला, पायऱ्यांवर बसले. वाद्याच्या इतक्या जवळ की आवाज आधी लाकडातून मांडीत शिरत होता आणि मग कानात. खाली त्यांची बायको चौथ्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. बाकी सभागृहात उलट्यासुलट्या खुर्च्या.

मास्टर थांबला. धापा टाकत होता. कपाळ पुसलं.

“दुसऱ्यांदा दारापाशी आलो, तेव्हा घाई केली मी,” तो म्हणाला. “लक्षात आलं?”

दंतवैद्यांच्या जिभेवर ‘हो’ तयार होतं. सवयीचं होतं ते.

“नाही,” ते म्हणाले.

“नाही ना?” मास्टरने डबलबास पुन्हा खांद्याला टेकवला. पहिल्यांदाच त्याने दंतवैद्यांकडे जरा मायेने बघितलं. “मग बसा. परत वाजवतो.”