सोऱ्याची गोष्ट

लतिकाबाईंनी माझ्या गाडीतून येणं बंद केलं, त्याला ऑक्टोबरात दीड महिना झाला. कारण काय सांगितलं, तर "अधेमधे कामं असतात हो, स्वतःची गाडी असली की बरं पडतं." आता ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये रविवारी सकाळी नऊ वाजता कुणाला कसली कामं असतात? मी छत्तीस वर्षं तेलाच्या पाइपलाइनी डिझाइन केल्या. थाप मारलेली मला कळते.

आम्ही एकाच वस्तीत राहतो, मध्ये तीन गल्ल्या. दोघंही एकेकटे. माझी बायको जाऊन पाच वर्षं झाली, त्यांचे यजमान जाऊन सात. दर रविवारी केटी गावाच्या बाजूला एका हॉलमध्ये मराठी शाळा भरते, तिथे त्या लहानग्यांना गोष्टी सांगतात आणि मी मोठ्यांना वाचन शिकवतो. जायला चाळीस मिनिटं. गेलं वर्षभर आम्ही माझ्या गाडीतून जात होतो, आणि आता लाजायचं वय राहिलेलं नाही म्हणून सांगतो, मला सोमवारपासून त्या चाळीस मिनिटांची ओढ असायची.

आता त्यांची पांढरी गाडी पुढे आणि माझी मागे. निघायचं एकाच कोपऱ्यावरून, पोचायचं एकाच हॉलला. एकदा सिग्नलला त्यांनी आरशातून बघून हात केला. मीही केला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझी मुलगी देवयानी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला असते. तिला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, खरं सांगू? चिडू नकोस हं." म्हणजे चिडण्यासारखंच काहीतरी येणार.

"तू ग्रोसरी स्टोअरमध्ये स्पीकरवर बोलतोस. सगळ्यांसमोर टूथपिकनं दात कोरतोस. सकाळी घसा असा खाकरतोस की शेजारचा कुत्रा भुंकायला लागतो. सँडलमध्ये मोजे घालतोस. आणि खिशाला चार पेनं! रिटायर होऊन तीन वर्षं झाली यार, कशावर सही करायचीय तुला?"

मी फोन ठेवून दिला. एक दिवस चिडलो, दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. स्पीकर बंद, टूथपिकची डबी कचऱ्यात, पेनं ड्रॉवरमध्ये. घसा खाकरणं सोडताना पहिले चार दिवस वाटलं, जीव जातो. नवे बूटही आणले. शाळेतली तरुण शिक्षिका गिरिजा म्हणाली, "काका, काय हँडसम दिसताय!" लतिकाबाई म्हणाल्या, "छान आहेत बूट," आणि शाळा सुटल्यावर आपल्या गाडीत बसून निघून गेल्या.

मी पुन्हा देवयानीला फोन लावला.

"मग तू काहीतरी बोलला असशील त्यांना," ती म्हणाली.

"मी एक वावगा शब्द बोललेलो नाही."

"असं तुला वाटतं, बाबा."

मला वाटण्याचा प्रश्नच नव्हता, माझ्याकडे पुरावा होता. माझ्या गाडीत पुढच्या काचेला कॅमेरा आहे. रस्त्याचं चित्र घेतो आणि गाडीतला आवाजही. जुनं पुसलं जायच्या आत मी ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो, महिन्यावार. कशासाठी ते विचारू नका, सवय. सोमवारी दुपारी चहा घेऊन बसलो, निर्दोष सुटायच्या तयारीनं.

एप्रिल महिना लावला. लतिकाबाईंचा आवाज: "निघताना आईनं मला पितळेचा सोऱ्या दिला होता. अठ्ठ्याऐंशी साल. ह्यूस्टनला एअरपोर्टवर कस्टमवाल्यानं—"

"पितळ म्हणजे तांबं आणि जस्त," हा माझा आवाज. त्यानंतर अकरा मिनिटं पितळ. मग हॉल आला.

मे महिना. "तो सोऱ्या मी बॅगेत—" "अरे, काय चालवतो हा माणूस! इंडिकेटर नाही, काही नाही!" त्यानंतर टेक्सासचे लोक गाडी कशी चालवतात यावर माझे विचार.

जूनमध्ये त्या आणखी थोड्या पुढे पोचल्या. "कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय आहे?" आणि मी म्हणालो, "जप्त केला असणार! मला माहीतच होतं. माझ्या साडूच्या बाबतीत..." साडू आणि लोणच्याची बरणी हॉलपर्यंत पुरली. शेवटी दार उघडल्याचा आवाज आला आणि त्यात त्यांचं हळू आवाजातलं वाक्य: "नव्हता केला जप्त." तेव्हा मला ते ऐकूच आलं नव्हतं.

ऑगस्टचा शेवटचा रविवार मात्र मला ऐकवेना. चाळीस मिनिटांत त्या फक्त "हो का?" आणि "अच्छा" म्हणत होत्या. सोऱ्याचं नावही नाही.

चहा गार झाला. मला माझी लाज वाटली, आणि मग बायको आठवली. ती बहिणीशी फोनवर तासन्‌तास बोलायची, आणि मी घरात पाऊल टाकलं की म्हणायची, "बरं, ठेवते आता." मला वाटायचं, माझ्यासाठी ठेवते.

शनिवारी मी तीन गल्ल्या चालत लतिकाबाईंच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडलं, हाताला पीठ लागलेलं. दिवाळी जवळ आली होती.

"लतिकाबाई, सोऱ्या जप्त नाही झाला. मग पुढे काय झालं?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी पितळाबद्दल काही बोलतोय का, याची बहुधा वाट बघत होत्या.

"आत्ता माझी भाजणी भिजलीये," त्या म्हणाल्या.

"मग उद्या. उद्या तुम्ही चालवा, मी बसतो."

"तुम्ही शेजारच्या सीटवर? जमेल?"

"जमवतो."

जमवणं सोपं नव्हतं. पहिल्याच सिग्नलला दिवा पिवळा झाला आणि त्यांनी गाडी दामटली. मी गप्प. लेन बदलल्यावर इंडिकेटर दोन मैल टिकटिक करत राहिला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढे एका ट्रकच्या मागे त्या इतक्या चिकटून चालवत होत्या की मला त्याच्या चाकांवरचा चिखल दिसत होता. मी सीटबेल्ट घट्ट धरला.

हायवेला लागल्यावर त्यांनी सुरुवात केली. कस्टमच्या माणसाला तो सोऱ्या हत्याराचा भाग वाटला. लतिकाबाईंचं इंग्रजी तेव्हा कॉलेजच्या पुस्तकातलं. सांगता येईना, तेव्हा त्यांनी पर्समधला विमानातला उरलेला पाव काढला, सोऱ्यात कोंबला आणि त्याच्या टेबलावर पावाची शेव पाडून दाखवली. तो हसत सुटला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, तर तो म्हणाला, अरे, माझ्या आजीकडे असाच आहे, ख्रिसमसला बिस्किटं करते! मग तिसरा आला. पावाची शेव बघायला सगळं कस्टम जमलं.

मी पोट धरून हसलो. पण तोंडातून शब्द काढला नाही.

"यात दीड तास गेला," त्या म्हणाल्या. आवाज जरा बदलला. "हे बाहेर उभे होते. विमानातले सगळे लोक निघून गेले. मी निघायच्या आधी फोनवर आमचं मोठं भांडण झालं होतं. मी म्हटलं होतं, मला नाही यायचं तुमच्या अमेरिकेला. यांना वाटलं, ही खरंच आली नाही. ते पार्किंगमध्ये गेले, गाडीत बसले..."

हायवेवरून उतरायची आमची एक्झिट आली. हिरवी पाटी आधी एक मैलावर दिसली, मग अर्ध्या, मग डोक्यावर. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला आणि मी तो तिथेच दाबून धरला. एक्झिट उजव्या हाताला मागे गेली.

"...चावी लावली. आणि मग त्यांनी स्वतःशीच म्हटलं, ही चिडली की उशीर करते, पण येते. उतरून परत आत आले. मी दारातून बाहेर पडतेय, हातात सोऱ्या, आणि समोर हे!"

लतिकाबाईंनी एका हातानं डोळे पुसले. मीही पुसले.

"आपली एक्झिट गेली ना?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"तुम्हाला दिसली होती?"

"दिसली होती."

"आणि बोलला नाहीत?"

"तुमचे यजमान अजून पार्किंगमध्ये होते."

त्या हसल्या. पुढची एक्झिट चार मैलांवर होती, म्हणजे शाळेला पंधरा मिनिटं उशीर नक्की. त्यांनी काही घाई केली नाही.

"मलाही दिसली होती," त्या म्हणाल्या.