तिवऱ्याचा पाऊस

मी एक जुनी पावसाची पेटी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे.

पाच फूट लांब, वीतभर रुंद अशी मी लाकडी बंद पेटी. माझ्या आत तिरपे खिळे ठोकलेले आहेत आणि दोन ओंजळी तिवरा असतो. तिवरा म्हणजे तुमच्या विदर्भातली लाखोळी, डाळीचं एक टणक कडधान्य. मला एका टोकाने उचललं की दाणे खिळ्यांवर आपटत, अडखळत खाली येतात आणि पुढे बसलेल्या प्रेक्षकांना वाटतं, रंगमंचावर पाऊस पडतो आहे.

मला घडवलं रत्नाकररावांनी. ते रायपूरच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. तिथल्याच तात्यापारा वस्तीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकासाठी त्यांनी खोक्याच्या फळ्या जोडल्या. चार खिळे ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. "हा पत्र्यावरचा पाऊस झाला, मले कौलावरचा पायजे," म्हणायचे आणि खिळे उपटून पुन्हा ठोकायचे. मी सगळं सोसलं, चकार शब्द काढला नाही.

मग बावीस वर्षं शांताबाईंनी मला चालवलं. त्या तहसील कचेरीत कारकून होत्या. विंगेत स्टुलावर बसून मला मांडीवर घेत. थोडं कलतं केलं की भुरभुर, उभं केलं की धो धो. पण त्यांची खरी कला पाऊस थांबवण्यात होती. त्यांची नजर नटाच्या ओठांवर असे. त्याने बोलायला श्वास घेतला की त्या मला आडवी धरत. वाक्य संपलं की पाऊस पुन्हा सुरू. दरवर्षी फाल्गुनात नवा तिवरा बाजारात आला की जुना दाणा गायीला घालायचा आणि नवा निवडून, उन्हात वाळवून माझ्यात भरायचा, हा त्यांचा नेम. तो कधी चुकला नाही.

यंदाच्या गणेशोत्सवातली एकांकिका अभिनवने बसवायला घेतली. मुलगा हुशार आहे, नवा रायपूर शहरात मोठ्या कचेरीत नोकरीला आहे. मला पाहून तो हसला.

"काकू, अब इसकी जरूरत नहीं. लॅपटॉप में सब है. बिजली, बादल, सब."

"अन् नाटकातली पोट्टी बोलताना पाऊस कोण थांबवते?" शांताबाई म्हणाल्या. "लॅपटॉपले दिसते का तिचं तोंड?"

गरज सरो, वैद्य मरो! मला उचलून रंगमंचामागच्या कोठीत, पातेल्यांच्या रांगेत टाकलं.

कोठीच्या दारातून तालीम दिसायची. कॉलेजात शिकणारी इरावती त्यात घर सोडून गेलेल्या मुलीचं काम करत होती. भर पावसात बापाच्या बंद दाराशी येऊन तिला हलकेच म्हणायचं होतं, "बाबा, मी आलेय." पण लॅपटॉपातली वीज ठरल्या क्षणी कडाडायची आणि तिचं वाक्य गिळून टाकायची. अभिनव म्हणाला, "बिजली से पहले बोल डाल. बाईस सेकंद हैं तेरे पास." मग ती पोर हात पाठीमागे घेऊन बोटांवर सेकंद मोजू लागली. बापाच्या दारात उभी असलेली मुलगी सेकंद मोजते? लाकूड असून माझ्या अंगाचा तिळपापड झाला!

शांताबाईंनाही ती बोटं दिसली. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी त्या उठल्या. "थांब पोट्टे, मी पेटी आणतो," म्हणाल्या आणि कोठीत आल्या.

पण त्याच दुपारी घात झाला होता. भोजन समितीच्या भावनाताईंना भज्यांसाठी बेसन कमी पडलं. पातेलं काढताना मी हलले, आत दाणे खळखळले. त्यांनी माझ्या टोकाचं झाकण उघडलं, तिवरा काढला, मिक्सरमधून फिरवून पीठ केलं आणि त्याची भजी तळली. अभिनवने सात भजी खाल्ली. मित्रांनो, माझा पाऊस त्यांनी चटणीला लावून खाल्ला!

शांताबाईंनी मला उचललं. मी हलकी लागले. त्यांनी हलवून पाहिलं.

"भावना, यातला तिवरा?"

"तो भज्याले घेतला न ताई. इतका साफ होता, मले वाटलं कोठीतलाच हाय."

शांताबाईंच्या दुसऱ्या हातात अर्धं भजं होतं. ते त्यांनी ताटलीत ठेवलं. "माह्याबिगर चालते म्हनता न, तर चालवा," एवढंच बोलून त्या घरी गेल्या.

प्रयोग झाला. इरावतीने वाक्य अगदी वेळेत म्हटलं. कोणाचेही डोळे ओले झाले नाहीत.

मंडळाला लाज वाटली असावी. लाज वाटली की आपल्याकडे सत्कार करतात. समारोपाच्या दिवशी शांताबाईंना शाल-श्रीफळ दिलं, मला टेबलावर मांडून झेंडूचा हार घातला. अध्यक्ष अनंतराव माइकवर म्हणाले, "आता ताईंनी आपल्याला थोडा पाऊस ऐकवावा."

शांताबाई टेबलाशी आल्या. त्यांनी मला सरळ उभं केलं.

काहीच वाजलं नाही. आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. चांगल्या कडकडून! हार घालणाऱ्यांपैकी एकानेही माझ्यात दाणा आहे की नाही हे पाहिलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांनी ऐकलं नव्हतं. इतकी मी आयुष्यात कधी संतापले नाही.

एकटी इरावती हात बांधून बसली होती. गर्दी पांगल्यावर ती टेबलाशी आली.

"काकू, इसमें तिवरा कितना लगता है?"

"दोन ओंजळी," शांताबाई म्हणाल्या. "निवडून आणजो. खडा राहिला तर गारा पडते."

मित्रांनो, जुन्या वस्तूचा आणि जुन्या माणसाचा सत्कार करायची एवढी घाई करू नका. आधी आमच्याकडून काम करून घ्या, आणि तेव्हा नीट ऐका. हार नसला तरी आमचं भागेल.