शहाण्णव वाट्यांमागचा दिवा

मित्रांनो, तुमच्यापैकी फारसे कोणी मला ओळखणार नाही. मी उजेड मोजणारा एक जुना प्लेट रीडर आहे. चिकलठाण्याच्या एका प्रयोगशाळेतील कपाटावर पडून असतो. माझा दिवा मिणमिणतो. आताशा फार बोलवतही नाही.

रुग्णाच्या रक्तातील द्रव शहाण्णव इवल्या वाट्यांच्या प्लेटमध्ये घालीत. त्यात डेंगीच्या विषाणूचा अंश असला, की शेवटी वाटी पिवळी होई. मात्र त्याआधी रंग आणणारे जादा रसायन पाच वेळा धुऊन काढावे लागे, नाहीतर प्रत्येक वाटी पिवळी होई. मी वाटीतून निळा प्रकाश सोडी. पिवळा रंग तो प्रकाश जितका अडवी, तितका माझा आकडा मोठा. विषाणू वाढवून ओळखण्यात कित्येक दिवस जात. माझ्याकडे काही तासांत उत्तर मिळे.

शहर वाढले, पाणी आटले. आठवड्याने येणारे पाणी घरोघर पिंपांत साठू लागले, त्यांत डास झाले. २०१६च्या उन्हाळ्यात मला विसावा नव्हता.

एके दिवशी द्वारकाबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांची सात वर्षांची सोनिया तापाने फणफणली होती. डेंगी नसेल, तर डॉक्टरांना दुसरे कारण तातडीने शोधायचे होते.

मी प्लेट वाचली. सगळ्या वाट्या पिवळ्या! तुलनेसाठी ठेवलेली निरोगी रक्ताची वाटीसुद्धा. तंत्रज्ञ कालिंदीबाई थबकल्या आणि प्लेट धुणाऱ्या मदतनिसाकडे वळल्या.

“सांडूमामा, प्लेट किती वेळा धुतली?”

“दोनदा. डिस्टिल्ड पाण्याचा एकच कॅन उरलाय, बाई. घरी आम्ही एका हंड्यावर दिवस काढतो, अन् इथं पाच-पाच खेपा? जिवावर येतं.”

“ही घरची ताटं नाहीत, मामा! असं धुतलं तर अख्खं शहर आजारी दिसेल.”

“दिसू द्या,” दारातून द्वारकाबाई म्हणाल्या, “माझ्या पोरीचं तेवढं खरं सांगा.”

मामा खाली मान घालून उठले. सगळी तपासणी पुन्हा झाली. उरलेला कॅन रिकामा करीत त्यांनी पाच खेपा मोठ्याने मोजल्या. या वेळी सोनियाची वाटी नितळ निघाली. डॉक्टरांनी लगेच छातीचा एक्स-रे काढवला; न्यूमोनिया होता. योग्य औषध सुरू झाले आणि आठवड्याने ती आपल्या पायांनी घरी गेली.

मित्रांनो, पहिल्या वेळीही मी खोटे बोललो नव्हतो. मला केवळ उजेड कळतो. हात कुठे आखडला, ते कळत नाही. म्हणून यंत्राचा आकडा हाती आला, की कालिंदीबाईंसारखे क्षणभर थांबा आणि विचारा. त्या आकड्याची वाट पाहत दाराशी कोणाची तरी आई बसलेली असते.